अक्काच्या गाडीचे चार इंच

गाडी खाली बसवायचं काम मिस्त्रीला कधीच गोड लागलं नाही. तीस वर्षं त्याने गाड्या वर उचलल्या होत्या. चिखलात घुसणारे, ओढ्यातून जाणारे, आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नसतं पण शेजाऱ्यापेक्षा उंच बसायचं असतं, असे सगळे त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायचे. म्हणायचे, मिस्त्री, दोन इंच घ्या वर. तो घ्यायचा. या उचलाउचलीत त्याचं नाव झालं आणि कंबर गेली. बायको मलम चोळताना म्हणायची, "जगाच्या गाड्यांचे सांधे बसवता आणि स्वतःचे माझ्या हवाली करता."

तर अशा माणसाकडे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा आपली फोर-व्हील-ड्राइव्ह घेऊन आला आणि खिडकीतूनच म्हणाला, "चार इंच खाली घे."

"दाजी, चार?"

"चार. तिने सांगितलंय."

ती गाडी मिस्त्रीला पाठ होती. अक्का नर्स होती. वरच्या वस्त्यांवर जायची, बाळंतपणं करायची, लसी टोचायची, आणि दाजी गाडी चालवायचे. दोघांचा अर्धा संसार त्या दोन सीटांवर झाला. अकरा वर्षांपूर्वी ओढ्यातल्या दगडांना पोट घासतं म्हणून मिस्त्रीनेच ती दोन इंच उचलून दिली होती. आता अक्का निवृत्त झालेली, आणि चार महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन झालं, चालती झाली, पण गाडीत चढता येईना. पायरी लावून पाहिली, पाय तेवढा वर जात नव्हता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने सांगितलं होतं, गाडीला पाठ करायची, सीटच्या कडेवर टेकायचं, मग हातांनी एकेक पाय आत घ्यायचा. पण टेकायला सीट कमरेच्या खाली तर हवी. दाजींनी एकदा उचलून ठेवायला हात घातले तर अक्का म्हणाली, "मी काय पोतं आहे? ठेवा खाली." त्यानंतर ती घराबाहेरच पडली नव्हती.

"उद्या सकाळी गिऱ्हाईक येतंय," दाजी म्हणाले. "बघायला नाही, न्यायलाच. ती म्हणते, माझी मला बसता आलं तर ठेवू, नाहीतर दारात नुसती दिसायला नको."

मिस्त्री आधी टेप घेऊन अक्काकडे गेला. घर शेडच्या मागेच, दोन गल्ल्या सोडून. अक्का खिडकीशी काठी धरून उभी होती. त्याने जमिनीपासून तिच्या मांडीपर्यंत माप घेतलं तशी ती म्हणाली, "शिंपी झालास का रे बारक्या?" छप्पन्न वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणणारी तेवढी एकच उरली होती.

"हलू नकोस. अर्धा इंचही महाग आहे."

"मी कुठे हलतेय. हलता आलं असतं तर तुला बोलावलं असतं का?"

मग गाडीच्या सीटचं माप घेतलं. वजाबाकी चारच आली. अक्काने नजरेने काढलेलं माप बरोबर होतं, याचं त्याला नवल वाटलं नाही.

काम त्याच सकाळी सुरू झालं. पुढच्या कॉइल स्प्रिंग बदलायच्या होत्या. मागे लोखंडी पाटे होते, त्यांतला जादा घातलेला काढून बाकीच्यांचा बाक कमी करून आणायचा होता. आखूड शॉकअप त्याच्याकडे पडून होते. पाट्यांचं काम शेजारच्या लोहाराने करून दिलं. बाकी एकट्याने. दुपारपर्यंत त्याच्या कमरेत कुणीतरी पाचर ठोकल्यासारखं झालं. जुना पाटा निघाला तेव्हा त्याच्या कडेला त्याचीच अकरा वर्षांपूर्वीची घणाची खूण दिसली. तेव्हा हा पाटा त्याने एका हाताने धरला होता. आता पायाने ढकलत भिंतीकडे नेला.

शेवटी नट आवळायचे राहिले. इथे त्याचा एक नियम होता आणि तो त्याने गावभरच्या मेकॅनिकांना शिव्या देऊन शिकवला होता. पाट्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. नट आवळला की रबर आहे त्या जागी धरलं जातं. गाडी लिफ्टवर असताना चाकं लोंबत असतात. तेव्हा आवळलं तर रबर त्या लोंबण्यालाच आपली बैठक समजतं, आणि गाडी खाली टेकवली की पिळा खाऊन तिला वर ढकलत राहतं. म्हणून गाडी जमिनीवर टेकवायची, तिचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, आणि मग खाली आडवं होऊन नट पिळायचे.

आडवं होऊन. तो त्या फरशीकडे बघत उभा राहिला. आडवं होणं जमलं असतं. उठण्याचं काय, ते ठाऊक नव्हतं. लिफ्टवर सगळे नट छातीच्या उंचीला होते, पान्हा हातात होता. त्याने उभ्यानेच सगळे पिळले.

चार वाजता गाडी अक्काच्या दारात लागली. अक्का स्वच्छ लुगडं नेसून, केस विंचरून तयार होती. शेजारची बाई कौतुकाने कठड्याशी आलेली पाहून अक्का म्हणाली, "सिनेमा नाही गं, गाडीत बसतेय." बाई आत गेली.

दाजींनी दार उघडलं. अक्काने काठी त्यांच्याकडे दिली, पाठ केली, मागे सरकली. सीटची कड तिच्या मांडीला लागली आणि तिथेच थांबली. ती टाचा उचलून वर झाली. पुन्हा एकदा. दोन बोटांचं अंतर राहत होतं. तिसऱ्या वेळी तिच्या कपाळावर घाम आला आणि तिने हात पुढे करून काठी परत घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "बारक्याने केलं तेवढं पुष्कळ."

दाजी मिस्त्रीकडे बघत म्हणाले, "नवीन स्प्रिंग आहेत ना, बसतील ना थोड्या? दोन-चार दिवसांत?"

हे वाक्य मिस्त्रीने स्वतः शेकडो गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. बसेल हळूहळू, वापरा, मग या. आता फक्त मान हलवायची होती. गाडी उद्या गेली असती, आणि ती का नाही बसली ते कुणाला कळलंही नसतं. अक्का उंबऱ्याकडे वळली होती. एक पाऊल, काठी, एक पाऊल.

"अक्का, थांब," तो म्हणाला. "स्प्रिंगांचं काही नाही. मी नट उभ्याने आवळले."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कंटाळा केला. खाली झोपायचा."

दाजींचा चेहरा उतरला. अक्का मात्र त्याच्याकडे बघत राहिली, पेशंटकडे बघायची तशी. "कंटाळा की कंबर?"

"दोन्ही."

"मग कंटाळा म्हणू नकोस. खुर्ची आणा हो मला बाहेर."

तिथेच दारात पोतं अंथरून तो गाडीखाली शिरला. आयुष्यभर उंच गाड्यांखाली वावरलेल्या माणसाला आता जागाच पुरेना. नाकासमोर लोखंड, छातीवर पान्हा. अक्का खुर्चीवरून विचारत होती, "डावीकडे दुखतंय का उजवीकडे? गुडघा वर घे. श्वास कोंडू नकोस." तो म्हणाला, "बाळंतपण नाहीये माझं." ती म्हणाली, "आवाज तसाच काढतोयस."

एकेक नट सैल झाला तसा रबराचा पिळा सुटत गेला आणि गाडी त्याच्या अंगावर करकरत, थकलेल्या जनावरासारखी खाली बसली. त्याने दाजींना चारही कोपरे दाबून हलवायला सांगितले. मग वजन चाकांवर असतानाच सगळे नट पुन्हा पिळले. शेवटच्या नटाला हातात जोर उरला नव्हता, म्हणून पान्ह्यावर पायाची टाच देऊन पिळला. बाहेर मात्र येता येईना. दाजींनी त्याला पोत्यासकट पाय धरून ओढलं.

त्याला भिंतीला टेकवून बसवलं तेव्हा अक्का उठून गाडीशी गेलीच होती. कुणाची वाट न बघता पाठ केली, मागे सरकली. या वेळी टाच उचलली नाही. नुसती टेकली. थोडा वेळ तशीच बसली, जणू खात्री करून घेत होती. मग उजवा पाय दोन्ही हातांनी धरून आत घेतला, डावा आपसूक आला.

"दार लावा," ती म्हणाली.

दाजींनी दार लावलं, गाडीला वळसा घालून आपल्या जागी बसले आणि खिशातून फोन काढला. गिऱ्हाइकाला काहीतरी सांगत होते. मिस्त्रीला शब्द ऐकू आले नाहीत, पण दाजी हसत होते.

अक्काने काच खाली केली. "तूही चल."

"मला आत्ता कुणी हलवू नका."

"मग बस. आलो की चहा करते. घरात जाऊन पाणी घे, माठ भरलेला आहे."

गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली. तिथे गटारावरचा उंचवटा होता. खरवडल्याचा लांब आवाज आला. मिस्त्रीने डोळे मिटले. ही गाडी आता ओढ्यात जाणार नव्हती, वरच्या वाटेला लागणार नव्हती. त्याच्या हाताने उभं केलेलं त्याच्याच हाताने खाली आलं होतं. मागचे लाल दिवे क्षणभर लागले. दाजी उतरून बघतील असं त्याला वाटलं. आतून अक्काचा आवाज आला, "चला हो, घासू दे," आणि दिवे विझून गाडी मोठ्या रस्त्याला वळली.

तो भिंतीला टेकून बसून राहिला. पाणी हवं होतं. त्यासाठी आधी डावा हात जमिनीवर टेकवावा लागणार होता, मग गुडघा, मग बाकीचं. त्याने डावा हात टेकवला.