राखनरोल

माझा आवाज पहिल्यापासूनच भरडा. बायकांच्या आरतीत मी तोंड उघडलं, की पुढची बाई वळून पाहायची. त्यात रिठदच्या आमच्या शेतात ज्वारी हुरड्यावर आली, की राखणीला मीच. मचाणावर उभं राहून गोफण फिरवायची आणि पाखरांवर ओरडायचं. माझी आरोळी खालून सुरू व्हायची, मध्येच फुटायची आणि वर जाऊन थरथरत राहायची. अर्ध्या शिवारातली पाखरं उठायची. घरात मात्र बाबा म्हणायचे, "पोरीच्या जातीनं आवाज राखून बोलावं." म्हणजे शेत राखायला हा आवाज चालतो आणि घरात तोच राखून ठेवायचा! मला तेव्हाही याचा संताप यायचा, आजही येतो.

सातवी पास झाल्यावर मला मास्तरीण व्हायचं होतं. कारंज्याला मुलींच्या एका शाळेत जागा होती. भरल्या वर्गापुढं एक कविता चालीवर म्हणून दाखवायची, अशी तिथली परीक्षा. पहिल्या खेपेला मी ती इतकी राखून म्हटली, की पहिल्या बाकावरच्या मुलीच एकमेकींना विचारू लागल्या, "काय म्हनून राह्यल्या ह्या?" त्या खेपेला कोणीच पसंत पडलं नाही, म्हणून पुन्हा बोलावणं आलं. बाबांनी निक्षून सांगितलं, "हे एक डाव जाऊन पाय. नाई जमलं त मंग मी तुयी सोयरीक पक्की करतो."

मी दोन दिवस आधीच कारंज्याला आत्याकडे मुक्कामाला गेले. ही बाबांची थोरली बहीण, सिनेमाची भारी हौशी. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी टॉकीजचा टांगा गल्लीतून गेला. भोंग्यातून आरडाओरडा चालला होता, "आज दुपारी, खास बायकांचा खेळ! राकनरोल! राकनरोल!"

आमच्याकडे राखणीला राखन म्हणतात, आणि घाईत बोललं की तिचं राकन होतं. आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं.

"आयकलं काय वं? राखनीवर शिनेमा काढला! तुले त पाहाच लागते."

"अन् रोल कायचा?"

"फिल्लमचा रोल. येवढं समजत नाई अन् मास्तरीन होऊन राह्यली!"

आत्यानं ही बातमी गल्लीभर केली. दुपारी आम्ही दहाबारा जणी शेंगदाणे बांधून पत्र्याच्या टॉकीजमध्ये हजर. खरं तर त्या दिवशी देवादिकांचा खेळ लागायचा होता. त्याच्या रिळांची पेटी अकोल्याहून आलीच नाही, म्हणून हे 'रॉक अँड रोल' गाण्यांचं विलायती चित्र लावलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं.

पडद्यावर सगळे गोरे. मोटारी, कुत्री, पायऱ्यांची घरं. ज्वारीचं एक कणीस दिसेना. मग केसांना बचकभर तेल चोपडलेला एक पोरगा गळ्यात गिटार अडकवून आला आणि एकच पाय थरथर हलवायला लागला.

"याले गोमाशी लागली काय वं?" मागून कोणीतरी म्हणालं. हसता हसता पुरेवाट झाली. त्यातही एक म्हातारी काकुळतीनं विचारत होती, "पन ज्वारी कवा येते?" आत्या खाली मान घालून बसली होती. सगळ्यांना तिनंच आणलं होतं ना.

तेवढ्यात पोरगा गायला लागला. त्यानं सूर खालून उचलला, मध्येच फोडला आणि वर नेऊन थरथरवत ठेवला. माझ्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले. ती माझी आरोळी होती. आणि तिथं त्याला कोणी राखून गा म्हणत नव्हतं. उलट समोरच्या पोरी जिवाच्या आकांतानं टाळ्या पिटत होत्या.

आत्यानं माझं मनगट धरलं आणि ती ताडकन उभी राहिली. "पाहा! म्या काय खोटं सांगतलं होतं? पाखरंच हाकलून राह्यला तो! आमच्या पोरीवानी!"

सगळ्या पुन्हा हसल्या. मला मात्र रडू फुटलं. आनंद झाला होता, आणि इतकी वर्षं गप्प बसले याचा रागही आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं बाबा आले. मी नापास झाले, तर त्यांना मला सोबत घेऊन परतायचं होतं. ते शाळेच्या ओट्यावर बसून राहिले. आत वर्गात शाळा तपासणारे डेपुटीसाहेब खुर्चीवर आणि मुलींचा कलकलाट. पहिली ओळ मी सवयीनं राखूनच म्हटली. कोणी लक्ष देईना. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. पाय रोवले, मचाणावर रोवायची तसे, आणि दुसरी ओळ सोडून दिली. आवाज फुटला. फुटू दिला. आढ्यावरच्या चिमण्या भुर्रकन खिडकीबाहेर गेल्या आणि वर्ग चिडीचूप झाला. तिसरी ओळ मुलींनी माझ्यामागून म्हटली, अगदी तशीच फोडून.

"ही चाल कुठली?" साहेबांनी विचारलं.

"राखणीची," मी म्हटलं. 'राखनरोल' म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं.

साहेब हसले. "सोमवारपासून या," म्हणाले.

मी बाहेर आले. बाबा उठून उभे राहिले. त्यांनी काही विचारायच्या आतच मी मान हलवून हो म्हटलं.

"मुंडकं काय हलवतं?" बाबा म्हणाले. "तोंडानं सांग नं. मोठ्यानं सांग!"

मग मी सांगितलं. रस्त्यावरचे दोन टांगेवाले वळून पाहायला लागले, पण बाबा मला हळू बोल म्हणाले नाहीत.