पत्र्याखालचा श्वास

सात दिवसांच्या योग शिबिरातून मी सास्तूरला परतलो, तेव्हा एवढा शांत झालो होतो की गावातली कुत्री माझ्यावर भुंकायचं विसरली आणि म्हशी मला बघून ध्यानाला बसल्या. खोटं वाटत असंल तर म्हशींना विचारा.

खरं तर मी गेलो होतो मायसाठी. भूकंपात माझी धाकटी बहीण गेली. पुढं पक्कं घर मिळालं, पण माय त्या स्लॅबखाली एकदाही झोपली नाही. अंगणातल्या पत्र्याच्या शेडात तिची बाज. उशाला उपडा तांब्या, त्यावर स्टीलचा ग्लास. जमीन हलली की ग्लास पडून जाग यावी म्हणून. तेव्हा घरोघर ही सोय होती. बाकीच्यांनी कधीच मोडली, मायनं नाही. आता पंचाहत्तरी, छातीत कफ आणि पौषाची थंडी. डॉक्टर म्हणाले, "आजींना आत झोपवा, नाहीतर अवघड आहे."

परतलो त्याच दुपारी शेडातच तिच्यासमोर मांडी घातली.

"माय, मनात लाटा उठत्यात. आपण काठावर बसून बघायचं. भीती येती, जाती. बघणारा हलत न्हाय."

"भूकंपात तू बाजेसकट हलला हुतास की रं! लई आला बघणारा."

"बरं, श्वास घे. आता धर. त्या शांततेत कान दे."

तिनं धरला. मी बोटांवर मोजत होतो. एकाएकी तिचा चेहरा उतरला, आणि माझं मनगट गच्च पकडून तिनं श्वास सोडला.

"हे नको शिकवू. ढिगाऱ्याखाली म्या हेच केलं. पोर हाताला लागत न्हवती. तिचा श्वास ऐकू यावा म्हणून माझा धरायची. यायचा ऐकू. मग एकदा धरला, तर आलाच न्हाय."

इतक्या वर्षांत हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. अख्ख्या लोहारा तालुक्याला थापांनी झोपवणारा मी, मनगट तिच्या मुठीत तसंच राहू दिलं.

"मग नुसता सोड," एवढंच म्हणालो. "धरू नको."

दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं नुसता श्वास सोडत बसलो. आत ती आली नाहीच. मीच शेडाला ताडपत्री बांधली आणि माझी बाज तिच्याशेजारी टाकली.

माघात एका सकाळी, उन्हं पत्र्यावर आल्यावर, तिची घरघर थांबली. तिचा श्वास ऐकू यावा म्हणून मी माझा धरला. तांब्यावरचा ग्लास जरासुद्धा हलला नाही.