खिडकीजवळचं टेबल

"खुर्ची सोडून गेलेला माणूस नुसता दारात उभा राहिला, तरी आतल्याचा आवाज बसतो," असं बाई एकदा म्हणाल्या होत्या.

तेव्हा दारात एक म्हातारा उभा होता. गावाच्या पाणी समितीचा मावळता अध्यक्ष. नियम बाईंनीच घातलेला: दोन वर्षं झाली की अध्यक्षानं खुर्ची सोडायची आणि पुढचं वर्षभर बैठकीला फिरकायचं नाही. "मी नुसता ऐकतो," म्हातारा म्हणाला. बाईंनी उठून दार लोटलं आणि कडी घातली. तो आवाज सगळ्या बैठकीनं ऐकला.

पाणी अडवणाऱ्या त्या संस्थेच्या बाई प्रमुख. माघारी त्यांना 'पहार' म्हणत. मातीचा बांध तयार झाला की त्या हातात पहार घेऊन त्यावरून चालायच्या, जागोजागी टोचून पोकळ जागा शोधायच्या. माणसांनाही तसंच टोचायच्या. कुणी दोन शब्द बरे बोललं की आत काय पोकळ आहे ते आधी बघायच्या. "बाईंनी पाठ थोपटली तर घरी जाऊन आधी आरशात पाठ बघ," असं जीपवाला नव्या माणसाला सांगायचा.

इंजिनिअरचं नाव त्यांनी 'ओलावा' ठेवलं होतं. त्याच्या पहिल्याच बंधाऱ्याला पाझर फुटला, तेव्हा तो घाबरून म्हणाला होता, "गळती नाही बाई, नुसता ओलावा आहे." तेव्हापासून पाहुण्यांसमोर, मजुरांसमोर, एकदा तर त्याच्या बायकोसमोर, "ए ओलावा, इकडे ये."

आणि बाई निवृत्त झाल्या तेव्हा विश्वस्तांनी त्यांच्या जागी नेमलं ते ओलाव्यालाच.

बाईंना सत्कार नको होता, भाषण नको होतं. हवं होतं फक्त खिडकीजवळचं टेबल. बिनपगारी सल्लागार म्हणून तिथं बसायचं. त्या खिडकीतून ओढ्यावरचा नवा बांध दिसायचा. घरातून समोरची भिंत दिसायची. घरात दुसरं माणूस म्हणजे धाकटी बहीण, आणि तीही याच संस्थेत हिशेब सांभाळायची. सकाळचा चहा दोघी एकमेकींकडे पाठ करून प्यायच्या.

सोमवारी सगळे मोठ्या खोलीत जमले. बाई सवयीनं मधल्या खुर्चीत बसल्या. इंजिनिअर कडेला बसला, नकाशांच्या गुंडाळ्या मांडीवर घेऊन. बाईंना उठवायची कुणाची छाती झाली नाही.

"टेबलाचं बोल," बाई म्हणाल्या. "की त्यालाही विश्वस्तांची सही लागते?"

"आधी सांडव्याचं बोलू." बांध भरला की जादा पाणी ज्या वाटेनं बाहेर जातं, तो सांडवा. "मी तो रुंद करायला सांगितला होता. मशीन लागलं आणि दुपारी थांबलं."

"मशीन आहे ते. थांबतं कधीकधी."

"डिझेल होतं, माणूस होता. तुमचा फोन गेला होता."

कुणीतरी खोकलं. जीपवाला आपली नखं बघू लागला.

"सांडवा अर्धवट फोडून ठेवलाय, बाई. आता पाणी आलं तर बांध जाईल, खालची वस्ती जाईल."

"तू शिकवणार मला? गळती आणि ओलावा यातला फरक कळत नव्हता तुला!"

एरवी या वाक्यावर खोली हसायची. आज कुणी हसलं नाही.

"नव्हता कळत," इंजिनिअर म्हणाला. "आज सांगा. सांडव्याचं माझं माप चुकलं होतं?"

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. माणसांबद्दल त्यांनी आयुष्यभर वाटेल ते बोलून घेतलं होतं. मापाबद्दल मात्र खोटं बोलायची सवय नव्हती.

"माप बरोबर होतं."

"मग थांबवलंत का?"

"मला विचारलं नव्हतंस."

पंखा फिरत होता आणि त्याचा वारा कुणालाच लागत नव्हता. इंजिनिअरनं नकाशे टेबलावर ठेवले. जिंकल्यासारखा तो दिसत नव्हता, थकल्यासारखा दिसत होता. "बाईंनी इथं बसावं असं कुणाला वाटतं?" त्यानं विचारलं.

नजरा खाली गेल्या. बाई धाकटीकडे वळल्या. "तू सांग गं यांना." त्या खोलीत आजवर त्यांनी बहिणीचं मत कधी विचारलं नव्हतं.

बहिणीनं पेनाला टोपण लावलं. "घरी मी तुला वाढीन, ताई. मरेपर्यंत वाढीन. पण इथं तू नकोस मला."

"बोलतेस काय! तुला इथं चिकटवलं कुणी?"

"तूच. आणि एक दिवस असा गेला नाही की तू ते ऐकवलं नाहीस."

इंजिनिअर हळू आवाजात म्हणाला, "उद्या मशीन लावतोय. फोन करू नका, बाई."

बाईंनी पिशवी उचलली, खुर्ची मागं सरकवली. मोठी उठली की आपण उठायचं, या लहानपणच्या सवयीनं बहीणही उभी राहिली आणि मान खाली घातली. तिच्या शेजारून बाई निघून गेल्या.