नमुन्याच्या घरासमोर

"ए म्हातारे, ऊठ तिथून. गिऱ्हाईक बसणार आहे त्याच्यावर."

माझी माय झटकन उठली. "चुकलं साहेब," म्हणाली. साहेबानं फिनाइलचं फडकं मागवलं आणि सोफा पुसून घेतला. सगळा नाही. ती बसली होती तेवढीच जागा.

हिंगोलीत एका बिल्डरच्या नव्या कॉलनीची जाहिरात होती. मैदानावर नमुन्याचं घर उभं करायचं होतं. हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, सगळं बांबू, प्लाय आणि कापडाचं. आठ दिवस लोकांना दाखवायचं, मग उतरवायचं. मी मंडपवाल्याकडे कामाला. माय कनाती शिवायची, झालरी लावायची. त्या घरातला एकेक खांब माझ्या हातचा. पहिल्या दिवशी बिल्डरच्या या साहेबानं माझं आडनाव विचारलं होतं. ऐकून नुसतं "बरं" म्हणाला आणि पाण्याचा जार आमच्यापासून लांब ठेवायला लावला. मी तेही गिळलं. गिळायची सवय असते.

पण मायचं ते "चुकलं" काही केल्या घशाखाली उतरेना. काय चुकलं होतं तिचं? गुडघे दुखत होते म्हणून जरा टेकली होती.

आमचं घर नाल्याच्या कडेला. दहा फूट बाय आठ. पत्रे, बल्ल्या, ताडपत्री. माय, मी, बायको, दोन लेकरं. तेही मी मंडपासारखंच बांधलेलं, सगळ्या सरकगाठी. एक टोक ओढलं की गाठ सुटते. अतिक्रमणवाले येणार असं कळलं की आपणच घर उतरवायचं, हातगाडीवर घालायचं. ते गेले की पुन्हा उभं करायचं. तीनदा केलं. लोक म्हणायचे, लई हुशार आहेस. मलाही तसंच वाटायचं. त्या दिवशी मात्र स्वतःचीच लाज वाटली. त्यांना मोडायचीसुद्धा तकलीफ द्यायची नाही, एवढे आम्ही शहाणे!

उद्घाटनाच्या सकाळी मी कामावर गेलो नाही. नाल्याकाठचं आमचं घर उतरवायला घेतलं.

माय म्हणाली, "काहून भांडण ओढवून घेऊन राहिला? रोजी जाईल."

"जाऊ दे माय. तू फक्त तिथं आपल्या घरात बस."

चुलीच्या विटा तिनंच गाडीवर ठेवल्या.

नमुन्याच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, आम्ही आमचं घर उभं केलं. पुढची बाजू मुद्दाम उघडी सोडली. भांडी, गोधड्या, लेकरांची दप्तरं, सगळं दिसू दे. मायनं चूल पेटवली, भाकरी थापायला घेतली.

गाड्या यायला लागल्या. एक बाई साडी सावरत आमच्याकडे आली. "हे पण नमुन्याचंच आहे का?"

"व्हय बाई," माय म्हणाली. "या ना आत. आमी पाच माणसं राहतो. बघा, कुठं बसता येतं का."

बाई आत आली नाही. पण गेलीही नाही. तिच्या मागं माणसं जमली, मोबाइल निघाले.

साहेब धावत आला. "काढ हे. आत्ताच्या आत्ता."

"न्हाई काढत."

"ओळखतोस का मला?"

"व्हय. तीन दिवस वळखून राहिलो."

तो मायकडे वळला. मायनं भाकरी उलटली आणि दुसरी थापायला घेतली.

दुपारी पोलिसांनी आम्हाला हटवलं. मंडपवाल्या मालकानं उद्यापासून येऊ नको म्हणून निरोप धाडला. घर पुन्हा नाल्याकाठी गेलं. आता सकाळी चौकात उभा राहतो, मिळेल ते काम करतो. त्या कॉलनीतली घरं विकली गेलीच. थकलोय, खोटं कशाला बोलू?

आखाडा बाळापूरच्या रस्त्यालाही आता तशाच नव्या कॉलनीचा फलक लागलाय. तिथलं नमुन्याचं घर बांधायला मला कोणी बोलावणार नाही. मी न बोलावता जाणार आहे. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय. घर नेणार, समोर उभं करणार. मोडायचं असेल तर या वेळी त्यांनी मोडायचं, सगळ्यांच्या देखत. मी हात लावणार नाही.