तोरंगण घाटात एक बढाई तपासताना

माझा धाकटा भाऊ अमोल चौतीस वर्षांचा आहे. बँकेत नोकरी, घरात आठ महिन्यांची मुलगी. तरीही गेल्या महिन्यात जेवता जेवता त्याने जाहीर केलं, की दोन आठवड्यांनी रविवारी तो तोरंगण घाटात शर्यतीला जाणार. बोलावलं कोणी? इंटरनेटवरच्या एका हेल्मेटवाल्या शूरवीराने. या गृहस्थांचं म्हणणं असं, की घाटात बाइकपुढे कुठलीही चारचाकी टिकत नाही, आणि पुरावा म्हणून त्यांनी एका जीपला मागे टाकल्याचा व्हिडिओ टाकलाय. अमोलने तो इतक्यांदा पाहिलाय, की त्याची बायको प्राची तो आवाज ऐकला तरी उठून स्वयंपाकघरात जाते.

मी नाशिकला लोकांना गाडी चालवायला शिकवते. त्यामुळे अशा बढाया ऐकल्या की माझ्या कपाळावर आठी पडतेच. पण उपदेश केला की अमोल मुद्दाम उलटं करतो, हे मला तो रांगायचा तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणून म्हटलं, "त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी आपण दोघं जाऊन येऊ. तू बाइकवर, मी कारमध्ये. बघू तुझ्या शूरवीराचं."

तर ही त्या दोन दिवसांची हकिकत. जव्हार-मोखाड्याला जायचा विचार असेल तर पावसाळा सरता सरता जा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खुरासणी फुललेली असते, उतारच्या उतार पिवळे, मध्येच नागलीचे तांबूस पट्टे. पेट्रोल त्र्यंबकलाच भरून घ्या. पुढे मोबाइलची रेंज जाते-येते, त्यामुळे नकाशावर विसंबू नका. वाट विचारलीत तर लोक हातातलं काम टाकून सांगतात.

त्र्यंबक सोडलं आणि अमोल सुटला. सरळ रस्त्यावर तो पुढे गेला, याबद्दल मला काही म्हणायचं नाही. घाट सुरू झाल्यावर एका वळणापाशी माझ्यापुढे विटांचा ट्रक होता, ट्रकपुढे अमोल. नाही, चुकले. अमोल ट्रकच्या मागे होता आणि पलीकडचं काही दिसत नसताना उजवीकडून त्याने बाइक पुढे घुसवली. समोरून बसचा हॉर्न वाजला, ट्रकचे ब्रेक कचकचले, आणि मला फक्त ट्रकची मागची फळी दिसत राहिली. त्या वळणाला मी फार घाबरले. वळण ओलांडल्यावर वर उतारावर त्याचं लाल जर्किन दिसलं. तेव्हा कुठे श्वास सोडला आणि त्याच श्वासात त्याला एक शिवीही दिली.

मोखाड्याला चहाच्या टपरीवर तो माझी वाट बघत बसला होता. अर्धा ग्लास चहा संपलेला.

"बघितलंस? जिंकलो!"

"अर्ध्या ग्लासाने," मी म्हटलं. "आणि समोरची बस थांबली म्हणून. ती थांबली नसती तर प्राचीला फोन मला करावा लागला असता."

तो हसला. मला हसू आलं नाही. गरम भजी मात्र आम्ही दोघांनी खाल्ली, आणि ती खरोखर चांगली होती.

जव्हारला पोचल्यावर साध्या लॉजवर दोन खोल्या घेतल्या. स्वच्छ चादरी, गरम पाण्याची बादली, याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. संध्याकाळी हनुमान पॉइंटवर गेलो. खालच्या दरीत धुरकट निळे डोंगर एकामागे एक उभे होते. अमोल मोबाइलमध्ये डोकं घालून तोच व्हिडिओ बघत होता. मला त्याचा राग आला आणि थोडी काळजीही वाटली, कारण लहानपणी हाच मुलगा सूर्य बुडेपर्यंत गच्चीवरून हलायचा नाही. रात्री जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि झणझणीत ठेचा. दोघांचं जेवण शहरातल्या एका थाळीच्या पैशात झालं.

दुसऱ्या दिवशी परतताना वाकडी वाट करून खोडाळ्याला गेलो, कारण बाजाराचा दिवस होता. (इथून आत वावर-वांगणीकडे जायचं असेल तर रस्त्याची चौकशी आधी करा, छोट्या गाडीचं पोट खडीला लागतं.) सुकट, टोपल्या, नागली, प्लास्टिकच्या चपला, सगळं एका रांगेत. नागली घेता घेता अमोलने माझा दंड पकडला.

"ताई, ती जीप!"

झाडाखाली प्रवाशांची जीप उभी होती. मागच्या दारावर समोरासमोर दोन मोर रंगवलेले, त्यातल्या एकाचं डोकं रंग उडून गेलेलं. व्हिडिओतली हीच. अमोल एखाद्या नटाला भेटायला जावं तसा तिच्या चालकाकडे गेला. पन्नाशीचा माणूस, खिशाला कंगवा, टपावर पोती बांधत होता.

"दादा, तोरंगण घाटात तुम्हालाच हरवलं ना त्या बाइकवाल्याने?"

"कोनी हरवला? कदी?"

अमोलने व्हिडिओ दाखवला. चालकाभोवती प्रवासी गोळा झाले. आत बसलेली एक बाई ओरडली, "आगं, ती बघ माजी टोपली! मी बी हाय यात!" सगळे खूश. चालक मात्र भुवया चढवून शेवटपर्यंत बघत होता.

"हा व्हय," तो म्हणाला. "ह्यो मागून लय हॉर्न मारीत व्हता, हात करीत व्हता. मना वाटला, पोराचा काय तरी पडला असंल, नाय तं कोनाला लागला असंल. म्हनून मी गाडी बाजूला घेतली."

"म्हणजे तुम्ही थांबला होता?" अमोल म्हणाला.

"तं काय! पन तो थांबलाच नाय. भुर्रकन गेला वरडत. मी मागं चालत गेलू, रस्त्यावर बघला बी काय पडलाय का."

"आमी समदी उतरून बघीत व्हतो," टोपलीवाली बाई म्हणाली. "काय घावला नाय. सापडला का त्याला?"

अमोलने मोबाइल खिशात घातला. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, माझंच खरं ठरलं होतं. पण ती माणसं इतक्या मनापासून विचारत होती, की मलाच कसंतरी झालं. शेवटी मीच म्हटलं, "सापडलं असेल, मावशी." चालक म्हणाला, "बरा झाला," आणि पोती बांधायला वळला. आपण कुठल्या शर्यतीत होतो, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

मोखाड्यापर्यंत अमोल माझ्या मागे मागेच होता. घाट लागला तसा आरशात त्याचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. मग त्याने हात वर केला. मी जागा दिसताच गाडी बाजूला घेऊन उतरले.

"काय झालं? पंक्चर? चक्कर येतेय का?"

त्याने हेल्मेट काढलं. "काही नाही. थांबतेस का ते बघत होतो."

मी त्याला भर रस्त्यात झापलं. थोरल्या बहिणीला जे जे येतं ते सगळं बोलले. त्याने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येत्या रविवारी नाही जात मी शर्यतीला."

घरी आल्यावर लोक विचारतात, काय पाहिलंस? धबधबा राहिला, राजवाडा बाहेरूनच झाला. खुरासणी डोळ्यांत राहिली आहे आणि त्याहून जास्त तो चालक, जो अनोळखी माणसाची हरवलेली वस्तू शोधत घाटात मागे चालत गेला. बाइक कारच्या पुढे जाते का? जाते, कधी कधी. त्यात बढाई मारण्यासारखं काही नाही, हे माझं मत आधीही होतं आणि आता अधिक पक्कं आहे.

अमोलच्या शब्दाबद्दलही मी सगळ्यांना छातीठोक सांगत होते. पण रविवारी पहाटे जाग आली ती आलीच. शेवटी न राहवून प्राचीला फोन लावला. तिने दुसऱ्याच रिंगला उचलला, म्हणजे तीही जागीच होती.

"झोपलाय, ताई," ती कुजबुजली. "छोटीला पोटावर घेऊन. उठवू का?"

"नको गं," मी म्हटलं. "झोपू दे त्याला."