आपणबाई

माझ्या आत्याला सेवाकेंद्रात सगळे आपणबाई म्हणतात. तोंडावर 'मॅडम', पाठ वळली की आपणबाई. कारण तिचं प्रत्येक वाक्य 'आपण'ने सुरू होतं आणि 'हं'वर टेकतं. "आपण गोळी घेऊया हं." "आपण रडायचं नाही हं." गोळी ती घेत नाही, रडणाराही दुसराच असतो, पण तो लाडिक सूर ती असा लावते, की समोरच्याला वाटावं, आपल्या पायजम्यात आपल्याबरोबर आणखी कुणीतरी शिरलंय.

तिचं काम म्हणजे काळजी घेणाऱ्यांना शिकवणं. स्मृतिभ्रंश झालेले, अपंगत्व असलेले, एखाद्या भयंकर प्रसंगाने आतून हादरलेले, अशा माणसांशी बोलायचं कसं, त्यांना उठवायचं-बसवायचं कसं, हे ती शिकवते. तिला कुणी शिकवलं? एका शनिवार-रविवारच्या शिबिराने. त्याआधी ती पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायची, आणि त्याही आधी मुलांसाठी 'स्मरणशक्ती वाढवा' वर्ग चालवायची. एकाही मुलाची वाढली नाही, पालक दारात येऊन भांडायला लागले, तेव्हा तिने क्षेत्र बदललं. बाबा म्हणतात, "ताईने जागा अचूक हेरली. इथे तक्रार करायची तर आधी ती लक्षात राहायला हवी ना!"

सुट्टीत मला तिच्याबरोबर जावं लागतं, कारण मला आवाज काढता येतात आणि तिला सरावासाठी फुकटचा पेशंट हवा असतो. मी पलंगावर पडून कण्हते, शिकाऊ मंडळी मला कुशीवर वळवतात, आत्या मागून सूचना देते. खऱ्या माणसांवर ती फारसे प्रयोग करत नाही. खरी माणसं उलट बोलतात.

केंद्राचे हिशेबनीस चाकाच्या खुर्चीत असतात. एकदा तिने त्यांना कामावरून उठवून 'उदाहरण' म्हणून वर्गात आणलं, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि वर्गाला विचारलं, "यांना चहा चालतो का, विचारूया आपण?"

"चहा चालतो, मॅडम," हिशेबनीस म्हणाले. "पाय चालत नाहीत. कान चालतात, तेव्हा मलाच विचारा."

वर्ग खो खो हसला. आत्या डोळे मिटून म्हणाली, "किती सकारात्मक आहेत बघा!"

मग आला आघात. हा शब्द ती छातीवर हात ठेवून म्हणते, 'आघाऽऽत', जणू तो तिलाच झालाय. "आघात झालेल्या व्यक्तीला आपण पाठीमागून अचानक हात लावायचा नाही हं," असं म्हणत म्हणत ती बाकांमागून फिरली आणि पूर्वी बसमध्ये कंडक्टर असलेल्या एका शिकाऊ बाईंच्या पाठीवर तिने मायेने धपका घातला. बाईंच्या हातातला चहा वहीवर.

"मॅडम, थांबा आला की आधी बेल मारत जा!" कंडक्टरबाई ओरडल्या.

तर अशा या आत्याला प्रशिक्षण प्रमुख व्हायचं होतं. केंद्राच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आणि दोन विश्वस्त मिळून दोघींमधून एक निवडणार होते. दुसरी होती खरीखुरी नर्स. आत्याने सगळ्या नातेवाइकांना फोन करून पद मिळाल्याचं आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे आता ते मिळणं भाग होतं. डॉक्टरीणबाईंनी दोघींना एकेक अवघड काम दिलं. आत्याच्या वाट्याला आले सलूनवाले आजोबा.

आजोबांनी आयुष्यभर सलून चालवलेलं. आता मुलाला ते 'साहेब' म्हणतात आणि आरशातल्या स्वतःला 'बसा, आलोच' म्हणतात. त्यांच्या डोक्यात फोड आलेले. डोकं धुतल्याशिवाय मलम लावता येईना, आणि पाण्याचा मग दिसला की आजोबा मूठ उगारत.

"आपण सगळ्यांसमोर धुऊन दाखवू," आत्याने जाहीर केलं.

बेसिनपाशी खुर्ची मांडली. भिंतीला टेकून डॉक्टरीणबाई, दोन्ही विश्वस्त आणि अख्खा वर्ग. आत्या खास साडी नेसून आलेली, केस आदल्याच दिवशी काळे कुळकुळीत केलेले. खांद्यावर टॉवेल टाकून ती आजोबांसमोर वाकली आणि ठेवणीतल्या मधाळ आवाजात म्हणाली, "काय आजोबा? आपल्याला आता डोकं धुवायचंय हं!"

आता गंमत अशी, की 'आपल्याला' म्हणजे तुम्हालाही होतं, आपल्या दोघांनाही होतं, आणि रुबाबात बोलणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडी 'मला'ही होतं. आजोबांनी उभा जन्म गिऱ्हाइकांत काढलेला. त्यांचा चेहरा एकदम उजळला. ताडकन उठले.

"या ना, बसा! धुवायचंच ना? कापायचे नाहीत?"

"नाही, म्हणजे... आपल्याला..."

"हो हो, कळलं. बसा!"

आणि आत्या बसली. काय करणार? खांद्याला धरून बसवलंच त्यांनी. तिचाच टॉवेल तिच्या गळ्याभोवती आवळला, मान मागे बेसिनमध्ये टेकवली आणि मगाने पाणी ओतलं. ज्या मगाला बघून माणूस मूठ उगारायचा, तोच मग!

"आपण... आपण थांबूया हं..." बेसिनमधून बुडबुड आवाज आला.

"डोळे मिटा, साबण जाईल," आजोबा म्हणाले आणि दोन्ही हातांनी खसाखसा चोळायला लागले. काळा ओघळ तिच्या कानावरून साडीवर उतरला. "हा रंग कुणी लावला? भिंती रंगवणारा होता का?"

एका विश्वस्ताने तोंडात रुमाल कोंबला. कंडक्टरबाई उघड हसत होत्या. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या आजोबांच्या हातांकडे बघत होत्या. मला वाटलं, संपलं. आता नर्सबाई प्रमुख, आणि आत्या पुन्हा यंत्रं विकणार.

आजोबांनी केस पुसले, भांग पाडला, म्हणाले, "झालं. पुढचा कोण?"

आत्या उठली. नाकाच्या टोकावर काळा थेंब. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं, 'आपण'सुद्धा नाही. मग तिने पदर सावरला, विश्वस्तांकडे वळली आणि म्हणाली, "पाहिलंत? याला म्हणतात भूमिका-बदल. आपण त्यांच्या जगात शिरायचं असतं हं!"

दोन्ही विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. असली माणसं ओल्या बाईलाही टाळ्या वाजवतात, फक्त तिने मोठा शब्द वापरायला हवा.

"पण यांचं डोकं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आपण घाई करायची नसते हं."

दोन मतं विश्वस्तांची, एक डॉक्टरीणबाईंचं. आत्या प्रमुख झाली. नर्सबाई दुसरीकडे गेल्या. वर्गात आता 'भूमिका-बदल' हा स्वतंत्र धडा आहे. दर आठवड्याला शिकाऊ मंडळी ओळीने आजोबांच्या खुर्चीत बसतात आणि चकचकीत केसांनी घरी जातात.

परवा आजोबांचा मुलगा आला. बापाच्या केसांत बोटं घालून बघितली, नाक मुरडलं आणि म्हणाला, "मॅडम, यांचं डोकं अजून तसंच?"

"धीर धरूया आपण," आत्या गोड हसली. "आपल्यात खूप सुधारणा आहे हं."