अण्णांची पाच क्रियापदं

रिपोर्टात 'रिपेअर्ड' हा शब्द दिसला की अण्णा भातात केस सापडल्यासारखं तोंड करायचे. कागद दोन बोटांनी उचलायचे, अंगापासून लांब धरायचे आणि ज्याने लिहिला असेल त्याच्या टेबलावर नेऊन टाकायचे. "ही घाण कोणाची?" एवढंच विचारायचे. सातपूरच्या आमच्या कारखान्यात शिव्यांना कोणी भीक घालत नव्हतं, पण या प्रश्नाने भलेभले खाली बघायचे. डिप्लोमा करून मी तपासणी विभागात लागले, त्या पहिल्याच आठवड्यात ती घाण माझी निघाली होती.

आमच्याकडे माल उचलायची यंत्रं दुरुस्तीला येतात. काम झालं की इंग्रजीत रिपोर्ट जातो, कारण गिऱ्हाइकांची मोठी ऑफिसं परगावी. हे रिपोर्ट शेवटी तपासून पक्के करायचं काम अण्णांचं. अण्णा दिंडोरीकडच्या एका खेड्यातले, नववी नापास. इंग्रजी शिकले ते यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकांतून. कोणी 'हाऊ आर यू' म्हटलं तर लाजून हसायचे. पण तुटलेलं, सुटलेलं, निखळलेलं परत जोडायच्या इंग्रजी क्रियापदांत त्यांचा हात धरणारा अख्ख्या औद्योगिक वसाहतीत नव्हता.

ती क्रियापदं त्यांनी कपाटाच्या दाराला आतून रंगाने लिहून ठेवली होती. मला कपाटासमोर उभं करून म्हणाले, "काढून ठेवलेलं परत बसवलं, तर रिफिटेड. गळून पडलेलं परत अडकवलं, तर रिअटॅच्ड. वायर जोडली, रिकनेक्टेड. सगळं खोलून पुन्हा बांधलं, रिअसेंबल्ड. आन् तुटलेलं सांधलं, तर रिजॉइन्ड. पण तुटलं व्हतं हे आधी लिहायचं. त्यात लाज नाय." मी विचारलं, सगळ्याला मिळून रिपेअर्ड म्हटलं तर काय बिघडतं? "ते नुसतं झाकण हाय, पोरी. खाली काय कुजलंय ते कळतं का?"

एकदा एका नव्या इंजिनियरने रिपोर्टात जरा जास्तच इंग्रजी पाजळलं. निसटलेला बोल्ट आणि त्याची पट्टी 'रियुनायटेड' झाली असं लिहिलं. अण्णांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "साहेब, बोल्ट काय कुंभमेळ्यात हरवला व्हता का?" सगळा विभाग हसला. अण्णा नाही हसले. त्यांना खरोखरच मळमळलं होतं.

त्यांच्या स्वतःच्या सवयी काही फार सोज्वळ होत्या असं नाही. प्रत्येक कागद उलटताना ते अंगठा जिभेला लावायचे. त्यांच्या हातून आलेली फाईल मी कोपऱ्याने धरायचे. तोच अंगठा ग्रीसमध्ये, तोच जिभेवर, तोच डब्यातल्या ठेच्यात. एकदा मी धीर करून बोलले तर अण्णा म्हणाले, "ग्रीस पोटात गेलं तर मला जुलाब होतील. खोटं कागदावर गेलं तर दुसऱ्याला होतील." या उत्तराने माझं जेवण गेलं ते गेलंच. मला तेव्हा तो सगळा म्हातारचळ वाटायचा.

मग दिंडोरीच्या बाजूच्या एका वाइनरीचं यंत्र आलं. ज्या लोखंडी हातावर सगळं वजन येतं, त्यालाच तडा गेलेला. नवा भाग यायला महिना लागणार आणि द्राक्षांचा हंगाम तोंडावर. आमच्या कारखान्याच्या धाकट्या शेठनी तडा वेल्ड करून घेतला आणि वरून पिवळा रंग मारला. रंग असा की वेल्ड शोधूनही सापडू नये. अण्णांनी पक्क्या रिपोर्टात लिहिलं, हाताला तडा होता, वेल्डिंगने रिजॉइन्ड, नवा हात बसवेपर्यंत वजन उचलू नये.

शेठ रिपोर्ट घेऊन स्वतः आमच्या टेबलांपाशी आले. "अण्णा, एकच शब्द बदलायचाय यार. रिप्लेस्ड लिहा. नवा आला की गुपचूप बसवूनच देणार आहोत ना."

"रिप्लेस्ड म्हंजे नवा घातला. घातला का?"

"अजून नाही, पण..."

"मग नाय लिहिणार. त्याच्याखाली माणसं उभी राहत्यात, शेठ."

शेठ माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही टाइप करा."

त्या महिन्यात मला कायम करायचं होतं. पत्र तयार होतं, शेठची सही तेवढी बाकी होती. माझा हात थरथरला, डोळ्यांसमोर अंधारी आली, असं काहीही झालं नाही. इंग्रजी आठ अक्षरं टाइप केली, खाली सही केली. अण्णा तीन हातांवर बसून बघत होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर आले नाहीत. स्कूटर काढून ते थेट वाइनरीत गेले, यंत्र नुकतंच उतरवलं होतं. किल्लीने रंग खरवडून त्यांनी तिथल्या फोरमनला वेल्ड दाखवला. फोरमनने यंत्र बंद ठेवलं आणि खरवडलेल्या जागेचा फोटो शेठच्या मोबाईलवर पाठवला. दुपारी शेठनी अण्णांना नारळ दिला. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं.

कॅन्टीनमध्ये त्या दिवशी जे ऐकलं त्याची शिसारी आजही येते. "म्हाताऱ्याला काय गरज होती?" "कंपनीचं मीठ खाऊन कंपनीच्याच मुळावर उठला." बोलणारे सगळे अण्णांकडून रिपोर्ट तपासून घेणारे. मी त्यांच्यातच बसून चहा पीत होते.

संध्याकाळी अण्णा कपाट रिकामं करायला आले. मी जवळ गेले. म्हटलं, "अण्णा, चुकलं माझं."

त्यांनी पिशवीत चष्म्याची डबी टाकली. आवाज नेहमीचाच होता. "ज्याला ठाऊक नसतं त्याचं चुकतं, पोरी. तुला पाची शब्द येत व्हते."

पिशवी खांद्याला लावून ते गेले. फाटकापर्यंत सोडायला कोणी गेलं नाही. मीही नाही.

कायम झाल्याचं पत्र मला त्याच आठवड्यात मिळालं. आज विभाग माझ्याकडे आहे. कपाटाच्या दारावरची क्रियापदं छापून मी भिंतीवर लावली आहेत, आणि नव्यांना कुठे काय लिहायचं ते मीच शिकवते. 'रिपेअर्ड' दिसलं की कागद परत पाठवते. मॅडम फार काटेकोर आहेत, असं पोरं एकमेकांना सांगतात. ते कानावर पडलं की मला माझी किळस येते.